सारवण

सोळा गोळ्यांचं पाकीट, पस्तीस पेन्स.
एका वेळी दोनच मिळतात. तिसरं
काउंटरवरची पोर हसून बाजूला ठेवते, नियम आहे म्हणते.
मी रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात जाते.
डॉनकास्टरमध्ये दुकानांना तोटा नाही.

आठ वर्षं गोदामात. रात्रपाळी, चौदा नंबरचा दरवाजा.
पट्ट्यावरून खोकी येतात,
कुणाची कुत्र्याची गादी, कुणाचे लोखंडी डंबेल्स,
वाकायचं, उचलायचं, वळायचं,
आणि वर पडद्यावर ‘गोडांबे, वाय.’
पुढे तासाचा आकडा, हिरवा किंवा लाल.

कमरेच्या वर एक बाई ओरडायची.
ती ओरडली की मी गोळी टाकायची. मग दोन.
मग ती ओरडायच्या आधीच.
संकष्टीलाही घेतली. गोळीनं उपास मोडत नाही
हे माझं मीच ठरवलेलं.
कोरा चहा, रिकामं पोट,
आणि जूनमधला इथला चंद्र, बारा वाजून गेले तरी नाही,
उगवला तरी ढगाआड.
चौदा नंबरच्या दरवाज्यातून ढगालाच हात जोडायचे.

संडासात काळं पडलं तेव्हा म्हटलं, खजूर असतील.
दुसऱ्या दिवशीही खजूर.
तिसऱ्या दिवशी खजूर खाल्लेच नव्हते.
चकचकीत, चिकट,
नुकत्याच घातलेल्या रस्त्यासारखं.
अच्युतना सांगितलं नाही.
एकतीस वर्षांच्या संसारात या रंगाबद्दल
आमचं कधी बोलणंच झालं नव्हतं.

मग पक्ष्यांच्या दाण्यांचं खोकं उचलताना
दिवे लांब गेले.

तीन पिशव्या रक्त. कुणाकुणाचं, देव जाणे;
आता माझ्यात थोडं यॉर्कशर आहे.
घशात केळ्याच्या चवीचा फवारा मारला,
नळी आत गेली, बेरिल नावाच्या नर्सनं हात धरला,
आणि पडद्यावर मी: ओली, गुलाबी,
मध्ये एक खड्डा, तळाशी काळा ठिपका.
या पडद्यावर आकडा नव्हता.

डॉक्टर ओयेलारन हातमोज्यांच्या खोक्यावर चित्र काढत म्हणाले,
वेदना चेतवणारं जे रसायन,
त्याचंच भावंड पोटाच्या भिंतीला लेप देतं.
गोळी दोघांनाही थांबवते.
इंग्रजीत ऐकलं. मराठीत कळलं रात्री,
शेजारच्या खाटेवरची म्हातारी घोरत असताना:
जी ओरडत होती, तीच आत सारवत होती.
आम्लाच्या चुलीशी ओणवी,
ओला हात भिंतीवरून फिरवत,
पोपडा सुटला की बुजवत,
आणि मी तिचं तोंड बांधलं.
हातही बांधले जातात हे कुणी सांगितलं नव्हतं.

सांगितलं होतं. पाकिटात कागद होता,
घडीत घडी, मुंग्यांच्या अक्षरांत.
टेबल हलत होतं म्हणून
त्याच्या पायाखाली घातला.

पाठीवर मारावं, पोटावर मारू नये, म्हणतात.
पाठीवरचा मार मीच पोटावर आणला,
पस्तीस पेन्सना.

आता सकाळी उठल्याबरोबर दुसरी गोळी, पोटासाठी.
पाठीला गरम पाण्याची पिशवी. आकडा बहुतेक लालच.
ती ओरडते. ओरडू दे.
कधीकधी मीही तिच्याबरोबर,
लोखंडी दरवाजा खाली येताना, आवाजात आवाज मिसळून.

काल सुट्टीत डोरोटानं सवयीनं हात पुढे केला.
माझ्या जाकिटाचा डावा खिसा
आमच्या पाळीचं औषधाचं दुकान होता.
खिशात शेंगदाणे होते.
मी तिला विचारलं, कँटीनमध्ये, भर रांगेत,
मोठ्यानं, माझ्या मोडक्या इंग्रजीत:
तुझ्या शौचाचा रंग काय आहे?

सगळे हसले. डोरोटाही हसली.
मग हसता हसता
तिनं कपाकडे पाहिलं.